थाप

संपतच्या नव्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना आटोपली तेव्हा पावणेबारा झाले होते. सणसवाडीत, कंपन्यांच्या मागच्या अंगाला, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सोळा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून थोरल्यानं स्वतःच्या भिंती केल्या, म्हणून बन्सी साळवे सकाळपासून खुशीत होता. पोरांदेखत तो काही बोलला नाही. पण दौंडहून येताना चौफुल्याला आणि मग तळेगाव ढमढेऱ्यात जीप बदलताना, दोन्ही ठिकाणी त्यानं अनोळखी माणसांना सांगून टाकलं होतं, "थोरल्याची घरभरणी हाय."

शेजारपाजारचे खीर खाऊन गेले. मग घरच्यांची पंगत बसली. बन्सीच्या एका हाताला सावळाराम, दुसऱ्या हाताला धाकटा संघर्ष. समोर संपत. बायका वाढत होत्या.

सावळाराम नात्यातला नव्हता, पण त्याच्याशिवाय साळव्यांच्या घरात कुठलं कार्य झालं नव्हतं. रेल्वेत दोघं एकाच गँगवर होते. रूळ उचलायचे, खडी भरायचे. चौऱ्याहत्तरच्या संपात दोघांना एकाच गाडीत घालून येरवड्याला नेलं होतं. दौंडात अजून मे महिना आला की युनियनची म्हातारी माणसं दोन नावं हमखास घेत. आत असताना ज्यांनी माफीच्या कागदावर सही केली नाही ती दोन माणसं, सावळाराम आणि बन्सी. सावळारामची नोकरी गेली ती तीन वर्षांनी सरकार बदललं तेव्हा परत आली. बन्सीला मात्र महिन्याभरात कामावर घेतलं. कारकुनाच्या हातून यादीतलं नाव गळलं म्हणून, असं बन्सीनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते मानलंही होतं.

"एप्रिलच्या अकराला लढत हाय," संघर्ष पुरीचा घास मोडता मोडता म्हणाला. "मुंबईत. तिमूरच हाय समोर. मी हो म्हणून कळवलंय."

वाढपाचं पातेलं भाग्यश्रीनं खाली ठेवलं. ती संघर्षची बायको. दौंडात एका दवाखान्यात नर्स होती.

"कवा कळवलं?"

"परवा."

"आन् मला आज पंगतीत कळतंय."

संघर्षनं मान वर केली नाही. उजवा हात तो अजून जपूनच हलवत होता. घास तोंडाशी न्यायच्या आधी कोपर किंचित थांबायचं, दाराची बिजागरी गंजल्यावर दार थांबतं तसं. ते बन्सी गेले पाच महिने बघत होता.

या पोराला हा नाद लागला तोही बन्सीमुळेच. त्र्याण्णव साली, पोरगं अकरा वर्षांचं असताना, बन्सीनं त्याला दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलवर ज्युदोच्या गादीवर नेऊन सोडलं होतं. पोरगं राज्यापर्यंत खेळलं. पुढं नोकरी लागेना, म्हणून अबूधाबीला एका क्लबात कामाला गेलं. गाद्या पुसायच्या, खेळाडूंचे घामाचे डगले धुवायचे. तिथं ब्राझीलचा एक मास्टर होता, रेनातो नावाचा. संध्याकाळी एक जोडीदार कमी पडला, म्हणून त्यानं या गादी पुसणाऱ्याला गादीवर बोलावलं, आणि तीन मिनिटांत संघर्षनं त्याच्या एका चेल्याला पाठीवर टाकलं. तेव्हापासून ब्राझीलची ती जिउ-जित्सू. खाली पडून लढायची विद्या. ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याचा हात, पाय, नाहीतर मान अशी अडकवायची की त्याला सुटता येऊ नये. पांढरा पट्टा, निळा, मग जांभळा. दोन हजार सात साली जांभळ्या पट्ट्यात त्यानं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा बन्सीनं तो फोटो मोठा करून घरात लावला.

मग संघर्ष जाळीत उतरला. चहूबाजूंनी जाळी लावलेली, आत दोघं. तिथं ठोसेही चालतात, लाथाही, आणि खाली पाडून अडकवणंही. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. पहिल्या दोन लढती त्यानं मान अडकवून जिंकल्या. तिसरी गेल्या ऑगस्टात दुबईला झाली. समोर तिमूर, उझबेक पोरगा. त्यानं संघर्षचा उजवा हात मांड्यांमध्ये धरून कोपर उलटं ताणलं. अशा वेळी खेळात एक सोय असते. मोकळ्या हातानं समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा थाप मारायची. थाप पडली की समोरचा तत्क्षणी सोडतो. लढत हरली, पण हात वाचला.

संघर्षनं थाप मारली नाही. कोपर निखळलं, तो आवाज पंचाला ऐकू आला, तेव्हा लढत थांबली.

"डॉक्टर काय म्हनले त्ये सांगा ना सगळ्यांना," भाग्यश्री म्हणाली. "सांगा. आणखी एकदा निखळलं तर बोटांत जीव राहील का न्हाई याची खात्री न्हाई म्हनले. शर्टाची वरची गुंडी मी लावत व्हते यांची. दोन म्हैने झाले, आता कुठं स्वतःची स्वतः लावाय लागलेत."

"त्ये आता बरं झालंय," संघर्ष म्हणाला.

"आन् पुन्हा धरला तर?"

"धरला तर धरला. मी तवा थाप मारली न्हाई, आता बी मारणार न्हाई. त्यो हात मोडू शकतो. मला हरवू शकत न्हाई."

संपतनं मांडीवर हात आपटला. "याला म्हंत्यात साळवे! आमच्या कंपनीत सगळ्या लाइनला ठाव हाय. बिहारची पोरं मला ईचारत्यात, भैया, तुम्हारा भाई वही ना, जिसने हाथ तुडवा लिया पर छोडा नहीं? पगाराच्या दिवसापरास जास्त छाती फुगती माझी."

"तुमची छाती फुगती, त्यांचा हात मोडतो," तेजश्री भाजी वाढता वाढता नवऱ्याला म्हणाली. "हिच्या जागी मी असते तर मी बी हेच बोलले असते."

"तुला यातलं काय कळतं?"

"गुंडी लावायचं कळतं."

सावळाराम इतका वेळ जेवत होता. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि बन्सीच्या मागून हात नेऊन संघर्षच्या पाठीवर ठेवला. "पोरी, तू भिऊ नको," तो भाग्यश्रीला म्हणाला. "ह्यो बापावर गेलाय. येरवड्यात आम्हाला एकेकाला बोलवायचे. पुढ्यात कागद ठेवायचे. नुसतं नाव लिव्ह, आन् घरी जा. चांगली चांगली माणसं वाकली. आमी दोघं वाकलो न्हाई. त्ये रगातात असतं."

बन्सीनं तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

दुबईच्या लढतीच्या आदल्या दिवशी संघर्षचा फोन आला होता. पोरगं घाबरलेलं होतं, आवाजावरून कळत होतं. तेव्हा बन्सीच म्हणाला होता, "माझा हात कवा कागदावर टेकला न्हाई. तुझा बी टेकायचा न्हाई. ध्यानात ठेव." फोन ठेवल्यावर त्याची बायको ताईबाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली होती.

"आबा," भाग्यश्री आता थेट त्याच्याकडं वळली. "तुमी सांगा त्यांना. तुमचंच ऐकत्यात ते. लढू नका म्हना."

"आबा असं कवाच म्हणणार न्हाईत," संपत म्हणाला.

सगळी बन्सीकडं बघू लागली. बन्सी ताटावरून उठला. "हात धुऊन येतो," म्हणाला, आणि मागच्या गॅलरीत गेला.

गॅलरीतून पलीकडच्या पत्र्याच्या चाळी दिसत होत्या. सुट्टीचा दिवस, दोऱ्यांवर कामगारांचे निळे शर्ट वाळत होते. बन्सीनं नळाखाली हात धरला आणि धरूनच ठेवला. मागं ताईबाई आलेली त्याला तिच्या बांगड्यांवरून कळली.

"सांगा आता," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मला ईचारता?"

त्यानं नळ बंद केला. "सावळा बसलाय तिथं."

"बसलाय म्हनूनच सांगा. त्यो नसताना सांगितलं तर त्ये अर्धंच हुईल." ताईबाईचा आवाज चढला नव्हता. पस्तीस वर्षांत या गोष्टीवर तिनं आवाज कधी चढवला नव्हता. "अवो, मी तवा बी तुमाला काय बोलले न्हाई. तुमी केलं त्ये बराबर केलं. संपत वाचला. पन नंतर जे बोलत राहिलात, त्ये मला कवा पटलं न्हाई. लोक हार घालायचे, तुमी घालून घ्यायचे. म्हनलं, जाऊ द्या, कुणाचं काय जातंय. आता जातंय. पोराचा हात जातोय."

"सावळा माझं तोंड बघणार न्हाई."

"न बघू द्या."

बन्सीनं धोतराच्या सोग्याला हात पुसले. रुळावर काम करताना लांबून गाडीची धमक पायांना कळायची, गाडी दिसायच्या आधी. तसं त्याला आत्ता होत होतं. बाजूला व्हायची वेळ तेवढीच असायची. तो आत गेला.

पंगतीत तो पुन्हा बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

"संघर्ष, तुला मी एक खोटं सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं. मी सही केली व्हती."

संपत म्हणाला, "कसली सही?"

"माफीच्या कागदावर. येरवड्यात. एकोणिसाव्या दिवशी." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "भेटीला ही आली व्हती. म्हनली, क्वार्टर खाली कराय लावली, सामान रस्त्यावर हाय. संपत वर्साचा, त्येला जुलाब लागलेले, मे म्हैन्याचं ऊन. पोरगं डोळं उघडत न्हाई म्हनली. मी आत गेलो आन् साहेबाला म्हनलो, आणा कागद. यापुढं संप करणार न्हाई, झालं त्याची माफी मागतो, असं छापलेलं व्हतं. रात्रीच्या शाळेत मी तवा नुकतंच नाव लिव्हाय शिकलो व्हतो. पगाराला अंगठाच द्यायचो. माझी पहिली सही त्या कागदावर हाय. यादीतनं नाव गळलं न्हाई. नाव लिव्हलं, म्हनून कामावर घेतलं."

संपतचा हात ताटावरच राहिला होता. "माझ्यापायी?"

"तुझ्यापायी न्हाई. मी केली. तू तवा बोलत बी नव्हतास."

संघर्ष हळूहळू उठला. त्याचा चेहरा उतरला नव्हता, तापला होता. "मग मला फोनवर त्ये का सांगितलंत? हात टेकायचा न्हाई म्हणून? आबा, त्यानं हात धरला ना, तवा मला डावा हात मोकळा व्हता. मला सगळं कळत व्हतं. पाच-सहा सेकंद व्हते माझ्याकडं. मी तुमचा आवाज ऐकत व्हतो."

"ठाव हाय."

"न्हाई, तुमाला काय ठाव न्हाई!"

"बाळा, थाप तू मारली न्हाईस," बन्सी म्हणाला. "मी मारली. पस्तीस वरसं मारत आलो. मारायची ती तू माराय पायजे व्हती, आन् मी नको व्हती माराय."

मग सावळारामचा आवाज आला. बन्सीनं तोवर त्याच्याकडं बघायचं टाळलं होतं.

"एकोणिसाव्या दिवशी म्हनलास?"

"व्हय."

"माझ्याम्होरं एकविसाव्या दिवशी कागद ठेवला," सावळाराम म्हणाला. तो ताटातल्या खिरीकडं बघत बोलत होता. "साहेब म्हनला, बन्सीनं केली सही, तू बी कर. मी म्हनलो, खोटं बोलताय. तुमी बन्सीला वळखत न्हाई. साहेब हसला. म्हनला, दाखवू का कागद? मी म्हनलो, तुमी कसला बी कागद कराल. मी बघितला बी न्हाई त्यो."

"सावळा..."

"तीन वरसं, बन्सी."

त्यानं ताट हातानं थोडं पुढं सारलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. तेजश्री पाणी घेऊन पुढं आली, "काका, खीर तरी..." पण तो टोपी उचलून दाराकडं गेला. चप्पल घालताना त्याचा तोल जरा गेला, संपतनं आधाराला हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

बन्सी मागं जायला निघाला, तर ताईबाईनं मनगट धरलं. "आत्ता नको."

त्या दुपारी साळव्यांचं घर उलटंपालटं झालं. संपत, जो सकाळपर्यंत धाकट्याच्या जिवावर छाती फुगवत होता, तोच म्हणायला लागला की लढत रद्द कर, इथं सणसवाडीत हॉल बघू, पोरांना शिकव, जाळीचं नाव काढू नकोस. त्याच्या डोळ्यापुढून ते वर्षाचं पोरगं हलेना. संघर्ष नुसता ऐकून घेत होता. बापाकडं तर बघतही नव्हता.

चार वाजता तेजश्रीनं चहा केला. बन्सी कप घेऊन संघर्षजवळ जाऊन बसला.

"तुझा माझ्यावर इस्वास नसंल तर नसू दे. एकच ईचारतो. तुझा त्यो मास्टर काय शिकवतो? थापेचं?"

संघर्ष म्हणाला, "पहिल्या दिवशी तेच शिकवतो. गादीवर पाय ठेवायच्या आधी. थाप मारा आन् उद्या परत या. ज्याला थाप मारता येत न्हाई, त्याला शिकवत न्हाई तो. दुबईनंतर त्याचा फोन आला व्हता. मला वाटलं, शाबासकी देईल. म्हनला, तुला मी काहीच शिकवलं नाही का? आन् ठेवला."

"मग त्याचं ऐक. माझं ऐकू नको."

"लढू नको म्हणत न्हाई तुमी?"

"न्हाई. तुला लढायचं असंल तर लढ. पण हरायला भिऊ नको. मी हरायला भ्यालो न्हाई तवा, पोरगं जगलं. हारलो त्ये सांगायला भ्यालो, त्याचं हे झालं."

दारात भाग्यश्री उभी होती. तिनं हे ऐकलं असावं. ती आत आली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. "मी एका अटीवर गप बसते. तुमच्या बाजूला जाळीपाशी मी असणार. बर्फ, पट्ट्या, पाणी, समदं माझ्याकडं. आन् हात अडकला की मी 'मार' म्हनलं की मारायची."

"भाग्यश्री, तू?" संपत तिच्याकडं बघतच राहिला.

"तुमी नको म्हणता, आबा जा म्हनत्यात. कुणीतरी त्यांच्यासंगट जायला नको?" भाग्यश्री म्हणाली. "हाड कसं असतं त्ये तुमच्यापरास मला जास्त कळतं."

संघर्षनं कप खाली ठेवला. उजवा हात पूर्ण सरळ केला. कोपर मध्ये थांबलं, मग गेलं. "अकरा एप्रिल," तो म्हणाला. "उद्यापास्नं सकाळी पाचला."

दोन महिने बन्सी रोज पहाटे उठत होता. दौंडच्या हॉलवर संघर्ष दोन ज्युदोच्या पोरांना घेऊन घाम गाळायचा. बन्सी बाहेरच्या बाकावर बसायचा. बाप-लेकांत फारसं बोलणं नव्हतं. पण एक बदल बन्सीला दिसला. आत दर दहा-पंधरा मिनिटांनी थाप पडायची, आणि अर्ध्या वेळा ती संघर्षची असायची. मुद्दाम तो अडकलेल्या जागेवरून सुरू करायचा, सुटायचा प्रयत्न करायचा, जमलं नाही की थाप, पुन्हा सुरू. शेवटच्या आठवड्यात थापा कमी झाल्या होत्या.

सावळारामच्या घरी बन्सी तीनदा जाऊन आला. दार बंदच मिळालं. आत माणूस असल्याचं कळायचं.

मुंबईचा हॉल बंदिस्त, थंडगार, आणि आवाजानं भरलेला. बन्सीनं आयुष्यात इतके दिवे एका जागी बघितले नव्हते. संपत शेजारी बसून नखं खात होता. नको नको म्हणत तोच सगळ्यांच्या आधी गाडीत बसला होता. जाळीला लागून भाग्यश्री उभी, पांढरा टी-शर्ट, कमरेला पिशवी.

पहिली फेरी संघर्षची झाली. तिमूरचे दोन ठोसे गालावर घेऊन तो कमरेत शिरला, त्याला उचलून खाली घेतलं आणि पाच मिनिटं खालीच ठेवलं. बन्सीला त्यातलं बारीक कळत नव्हतं, पण कोण कुणाला दाबतोय ते कळत होतं. घंटा झाली तेव्हा संपत ओरडून ओरडून बसला होता.

दुसऱ्या फेरीत तिमूर शहाणा झाला. संघर्ष कमरेत शिरताच तो स्वतःहून पाठीवर पडला, पाय वर घेतले आणि उजवं मनगट पकडलं. तोच हात. बन्सी उभा राहिला. खाली संघर्षनं सुटायचं जे दोन महिने केलं होतं ते केलं. अंगठा फिरवला, कोपर जमिनीकडं दाबलं, खांदा आत घातला. क्षणभर सुटल्यासारखं झालं. मग तिमूरची मांडी त्याच्या तोंडावरून पलीकडं गेली आणि हात सरळ झाला.

भाग्यश्रीनं "मार!" म्हटलं की नाही, बन्सीला ऐकू आलं नाही. त्याला फक्त संघर्षचा डावा हात दिसला. तो वर उचलला गेला. मध्येच थांबला. मग तिमूरच्या मांडीवर पडला. एकदा, दोनदा, तीनदा.

तिमूरनं लगेच सोडलं. उठून त्यानंच संघर्षला हात दिला आणि दोघांनी मिठी मारली.

हॉलमध्ये शिट्ट्या, हुर्यो. बन्सीच्या मागं बसलेला एक पोरगा मित्राला म्हणाला, "फट्टू निघाला यार. गेल्या वेळी हात मोडला तरी सोडलं नव्हतं म्हणे."

बन्सी मागं वळला. "त्यो माझा पोरगा हाय."

पोरगा चपापला. "सॉरी काका."

"सॉरी नको. आयका. घाबरलेला माणूस मोडून घेतो. याला परत यायचंय."

संघर्ष जाळीबाहेर आला तेव्हा गाल सुजला होता, ओठातून रक्त येत होतं. भाग्यश्रीनं त्याचं कोपर दोन्ही हातांत घेतलं, वाकवलं, सरळ केलं, बोटं एकेक दाबून बघितली. मग तिनं सासऱ्याकडं बघून मान हलवली. संघर्ष बापापुढं येऊन उभा राहिला. त्या दुपारनंतर पहिल्यांदा त्यानं सरळ डोळ्यांत बघितलं.

"हरलो, आबा."

"व्हय," बन्सी म्हणाला. "दिसलं मला. कुठं चुकलं?"

"पाय उशिरा काढला. अर्धा सेकंद."

"किती दिवसात नीट हुईल?"

संघर्ष हसला, ओठ फाटलेला म्हणून त्याला ते दुखलं. "चार म्हैने."

सोमवारी बन्सी चौथ्यांदा सावळारामच्या दारात गेला. या वेळी दार सावळारामच्या मुलीनं उघडलं. नकुशी. नवरा गेल्यापासून ती बापाकडंच होती, चव्वेचाळीस वर्षांची बाई. संपाच्या साली ती नऊ वर्षांची होती. शाळा सुटली, आणि रुळाकडेनं कोळसा वेचायला लागली. ते बन्सीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, रुळावर काम करताना.

"नकुशे, तुझी शाळा..." त्यानं सुरुवात केली.

"माझी शाळा तुमी न्हाई सोडवली, काका." ती दाराला धरून उभी होती. आवाज मुद्दाम मोठा होता, आतल्याला ऐकू जावा असा. "मला कोळसा येचायला बानं धाडलं. बाची सही झाली असती तर मी बी शिकले असते, असं लहानपणी मी मनात लई येळा म्हनलं. बापुढं कवा बोलले न्हाई. आता बोलते. तुमच्या पोराचा हात, माझी शाळा. तुमा दोघांच्या ताठ मानंपायी पोरांनी लई भरलंय."

आत खाट वाजली. सावळाराम दारात आला. अंगावर नुसती बंडी. त्यानं मुलीकडं बघितलं, बराच वेळ. ती बाजूला झाली नाही. मग त्यानं बन्सीकडं बघितलं.

"पोराचा हात?"

"शाबूत हाय."

"थाप मारली?"

"मारली."

सावळारामनं मान हलवली. त्यात शाबासकी नव्हती, रागही नव्हता. बन्सीला बस म्हणालाही नाही. उंबऱ्याच्या आत तो आणि बाहेर बन्सी, असेच दोघं उभे राहिले. रस्त्यावरून भाजीची हातगाडी ओरडत गेली.

"पुन्हा कवा लढतोय?"

"ऑगस्टात. पुण्यात."

"मी येईन," सावळाराम म्हणाला. "तुझ्यासंगं न्हाई येणार. माझा माझा येईन. नकुशी असंल बरुबर."

आणि दार लावायच्या आधी त्यानं तारीख विचारून घेतली.